खडा आणि खर्रा

प्रिय प्रेमिलाताई,

परवा तुझा निरोप आला. कुळीथ किती वेळ उकळायचे, आणि ते पाणी गरम प्यायचं की थंड करून? शेजारणीसाठी विचारून राहिली, असंही लिहिलंस. शेजारणीला म्हणे खडा झाला. उत्तर देते, पण शेवटी देते. तोवर मधली पानं सोडून शेवटावर उडी मारू नको. तुझी सवय मला माहीत आहे, कादंबरी हातात घेतली की तू आधी लग्न होतं का ते बघायचीस आणि मगच पहिलं पान उघडायचीस.

फोन काहून नाही केला म्हणशील. एक तर सध्या मी बोलते तेव्हा तोंडात कोणी अख्खं भजं कोंबल्यासारखं वाटतं, ऐकणाऱ्याला आणि मलाही. दुसरं म्हणजे फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझं वाक्य अर्ध्यात असतानाच तुझं 'हो वं, समजलं' येतं आणि तुला काहीच समजलेलं नसतं. कागदाला मधेच 'हो वं' म्हणता येत नाही. शिवाय कागदावरची माझी जीभ अजून जुनीच आहे, शाबूत आणि तिखट.

तोंडातली मात्र गुरुवारी कापणार. गाठ काढतील आणि तिच्यासोबत उजवा काठही जाईल. नंतर कितपत बोलता येईल, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, 'समजण्याइतकं.' कोणाला समजण्याइतकं ते काही त्यांनी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी रविवारच्या पुरवणीत लोकांची सालटी काढते, सभांना बोलावतात ते मी चारचौघांत काय बोलते ते ऐकायला, आणि आता माझ्या बोलण्याचं माप 'समजण्याइतकं'. हिंगणघाटच्या मामी आठवतात का, म्हणायच्या, या पोरीची जीभ एक दिवस झडून पडणार. मामी अजून ठणठणीत आहेत. त्यांचा फोन आला होता. जितेंद्रने घेतला. 'मी म्हटलंच होतं' एवढं सांगून मामींनी ठेवून दिला. भविष्य खरं ठरल्याचा आनंद माणसाला किती तरतरी देतो बघ.

तू एकदा विचारलं होतंस, मयू, दिसते कशी वं ती गाठ? तेव्हा टाळलं होतं, आता सांगते. जास्त पिकून फुटायला आलेलं जांभूळ जिभेला चिकटलंय असं समज. ओलं, मऊ, काळपट लाल. टोस्ट लागला की रक्त, पोळीचा काठ लागला की रक्त. घास गिळताना आधी लोखंडाची चव येते, मग वांग्याची. ब्रशचे पांढरे केस सकाळी गुलाबी होतात. माझी मलाच किळस येते, खोटं कशाला बोलू? पण गाठीला निदान अक्कल नाही. तिच्यामुळे ज्यांची तोंडं उघडली त्यांना म्हणे आहे, आणि त्यांची किळस मला रोज नव्याने येते.

पोळ्याच्या सुमारास गाठ पहिल्यांदा दिसली आणि त्याच आठवड्यात आमच्या अख्ख्या नंदनवन वस्तीने निदान केलं: खर्रा. नागपुरात दुसरं काही होऊच शकत नाही ना. मुंबईत तोंडात फोड आला तर म्हणत असतील उष्णता झाली, पुण्यात म्हणत असतील बाहेरचं खाल्लं. आपल्याकडे फोड आला की माणूस पन्नीत घोटलेली ती ओली सुपारी-तंबाखू खातोच, प्रश्न एवढाच की किती वर्षांपासून. आणि मी कोण? जिने त्याच खर्ऱ्यावर लिहून लिहून लोकांना पिडलं, मेट्रोच्या खांबांवरचे लाल ओघळ, सरकारी जिन्यांचे कोपरे, बोलताना वर केलेल्या हनुवट्या, काही सोडलं नाही. मग काय विचारतेस! बाई लोकांना शहाणपण शिकवत होती आणि घरी लपून पुड्या चघळत होती. एवढी चवदार गोष्ट तर मलाही कधी सुचली नव्हती.

कुसुमताई, आमच्या वरच्या मजल्यावरच्या, सत्संगवाल्या, साबुदाण्याच्या चकल्या घेऊन आल्या. ज्या बाईची जीभ टोस्टने रक्ताळते तिला चकल्या! हात धरून म्हणाल्या, 'मयुराताई, देवापुढे कबूल केलं की अर्धी बिमारी जाते. आमच्याजवळ बोला, आम्ही कोणाले नाही सांगत.' मी म्हटलं, खात नाही हो. तर डोळे मिटून हसल्या, जशी मी पाचवीतली मुलगी आणि माझ्या खिशात चिंच सापडलीय. जाताना चकल्यांचा डबा परत मागून नेला. कोपऱ्यावरच्या ठेल्यावरचा नानाजी तर दुखावलाच. मी भाजी घेऊन येत होते, तर हातातलं घोटणं थांबवून म्हणतो, 'मॅडम, पेपरात आमच्या विरोधात लिहिलं, चालते. पण मंग आमचा ठेला सोडून तुम्ही कोणाच्या ठेल्यावर जात होत्या?' त्याचं दुःख खरं होतं, ताई. सगळ्या या प्रकरणात सरळ बोलणारा तोच एक निघाला.

आणि जितेंद्र. सांगू का नको असं झालं होतं, सांगतेच. एक दिवस मी आंघोळ करून आले तर हा माणूस पलंगावर बसून माझी पर्स हुंगत होता. उघडून, आत नाक घालून. आमच्या लग्नाला पोरं शाळा-कॉलेज करून नोकरीला लागतील इतकी वर्षं झाली, आणि बँकेत लोकांच्या सह्या ओळखणारा हा नवरा पर्सच्या अस्तरात सुपारीचा वास शोधत होता. मला बघून म्हणाला, 'चेन खराब झाली वाटते.' मी पर्स घेतली आणि चेन सरसर लावून दाखवली. माझ्या न बोलण्याला तो आधीपासून जास्त घाबरतो. हल्ली दिवसभर माझ्याशी गोड बोलतो, आणि त्या गोडाने मला मळमळतं.

तूही आली होतीस, विसरली नसशील. दार लावून घेतलंस, माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवलास आणि म्हणालीस, 'माही शपथ घे मयू, खाते का वं तू?' मी शपथ घेतली. तू मान हलवलीस, पण विश्वास ठेवला नाहीस. तरी दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे सोबत आलीस, हे मी विसरले नाही. तिथे काय झालं तेही विसरले नाही.

ते कळायला मागचं सगळं समोर ठेवावं लागेल. तुझ्या सोनिकाचं लग्न जमत होतं ते वर्ष आठव. मला लघवीतून लाल जायला लागलं होतं. दुखत काहीच नव्हतं म्हणून मी ते बिटाच्या कोशिंबिरीवर ढकललं. कोशिंबीर बंद केली तरी लाल जातच राहिलं, तेव्हा सोनोग्राफी झाली, आणि डाव्या किडनीत गाठ निघाली. कॅन्सर. किडनी काढली. मी भूल उतरून डोळे उघडते तर बाहेर सगळ्यांना सांगून झालं होतं, की खडा होता. तुझं काम. तुझं म्हणणं साफ होतं, उमरेडवाले बघून गेले आहेत, होकार यायचा आहे, आता मावशीला कॅन्सर निघाला म्हटलं की पोरीच्या रक्तातच काहीतरी आहे म्हणून मागे सरतील. कॅन्सर म्हणजे खानदानाचा दोष, खडा म्हणजे पाणी कमी प्यायचा. बोलायला खडा किती सोपा!

आणि तू नुसतं बोलून थांबली नाहीस. रविंद्र भाऊजींचा जो खडा मागे आपोआप पडला होता, तू कुंकवाच्या डबीत जपून ठेवला होतास ना, तो तू आणलास, आणि मला बघायला येणाऱ्यांना माझा म्हणून दाखवलास! मी उशीला टेकून बसलेली, पोटात टाके, आणि उमरेडच्या होणाऱ्या विहीणबाई डबीत डोकावून म्हणतात, 'अगाई, एवढ्याशा खड्यानं अख्खी किडनी खाल्ली?' तू तितक्याच गंभीरपणे म्हणालीस, 'छोटाच, पण टोकदार होता.' टाके तुटतील म्हणून मी हसू शकले नाही. नंतर रात्रंदिवस तीच गोष्ट ऐकून मलाही तो खडा आपला वाटायला लागला. लग्न छान झालं, उमरेडवाले चांगले निघाले, डॉक्टरांनीही वर्षानुवर्षं तपासून शेवटी सांगितलं की आता वर्षातून एकदा आलात तरी पुरे. सगळ्यांनी तो विषय कुंकवाच्या डबीत घालून झाकण लावलं.

आता दातांच्या डॉक्टरची खुर्ची. मी आडवी, जबडा ताणलेला, तोंडात आरसा, कापूस आणि ती लाळ ओढणारी नळी. तो पोरगा, अजून मिसरूडही नीट नाही, विचारतो, 'तंबाखू किती वर्षांपासून?' मी घशातून 'आं आं' केलं, त्याने ते लिहून घेतलं, देव जाणे किती वर्षं. मग म्हणाला, 'याच्या आधी काही मोठा आजार, ऑपरेशन?' माझं तोंड उघडंच आणि बोलता येत नाही. जन्मात पहिल्यांदा असं झालं असेल. आणि शेजारच्या स्टुलावरून तू सराईतपणे म्हणालीस, 'काही नाही जी, एकदा फक्त खड्याचं ऑपरेशन झालं तिचं.' मी हात वर केला. तू तो खाली दाबलास आणि म्हणालीस, 'भिऊ नको.' नंतर चूळ भरताना मला वाटलं, सांगावं का? मग वाटलं, किडनी कुठे, जीभ कुठे! पोटातल्या गोष्टीचा तोंडाशी काय संबंध? ते खोटं इतकं घासून गुळगुळीत झालं होतं की ते खोटं आहे हे तुला आणि मला दोघींनाही त्या खुर्चीत सुचलं नाही.

त्या 'तंबाखू'च्या शिक्क्यावर सगळं पुढे चाललं. गुळण्या, मलमं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, 'सवय सोडा' हा उपदेश. गाठ वाटाण्याची जांभळाएवढी झाली. दिवाळीच्या तोंडावर मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या बाकावर बसले होते. समोर भिंतीवर तंबाखूच्या दुष्परिणामांचं हे भलं मोठं चित्र आणि चित्राखाली, जमिनीपासून हातभर, थुंकून थुंकून झालेली लाल पट्टी, जशी ठेकेदाराने रंगवून दिली असावी. शेजारच्या माणसाचा गाल सुजलेला, आणि त्या सुजलेल्या गालात खर्रा. माझ्याकडे बघून त्याला माया आली. 'ताई, एकदम नका सोडू,' म्हणाला, 'थोडा थोडा चालू ठेवा. एकदम सोडला का उलटते.' आणि पुडी पुढे केली. मी उठून बाहेर गेले आणि कुंडीत ओकले. कुंडीतही कोणीतरी आधी थुंकलेलं होतंच.

तुकडा काढला तेव्हा रक्त थांबेना. डॉक्टर जरा चपापले, तंबाखूची गाठ एवढी वाहत नाही म्हणाले. आणि रिपोर्टच्या आधी फोनच आला. तो तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई जितेंद्रला विचारतात, 'मॅडमच्या दोन्ही किडन्या आहेत ना?' जितेंद्र म्हणाला, एकच आहे, एक खड्यामुळे काढली. सवय! मग त्याने पहिल्यांदा कोणापुढे तरी खरं सांगितलं. जिभेवरची गाठ जिभेची नव्हतीच, ताई. ती किडनीची होती. जी किडनी कधीच बाहेर काढून टाकली तिचं पिल्लू रक्तातून फिरत फिरत इतक्या वर्षांनी माझ्या जिभेवर येऊन बसलं. डॉक्टर सांगत होते की या कॅन्सरचा नेम नाही. बहुतेकांत तो छातीत, हाडांत जातो, पण कधी कोणाच्या नाकात निघतो, कोणाच्या गळ्यातल्या ग्रंथीत, कोणाच्या बोटाच्या टोकाला, आणि वर्षानुवर्षं गप्प बसून निघतो. आगंतुक पाहुण्यासारखा, न कळवता, आणि भलत्याच खोलीत पथारी टाकतो. माझ्या डोक्यावर केसांत ते टेंगूळ होतं ना, ज्याला तू केसतोड म्हणालीस आणि एरंडेल चोळायला सांगितलंस? तेही तेच. मी त्याला इमानदारीने एरंडेल चोळत होते, वरून मेंदी लावत होते. कॅन्सरचे एवढे लाड नागपुरात दुसऱ्या कोणी केले नसतील. रिपोर्टमध्ये त्या पेशींना 'क्लिअर सेल' म्हटलंय, म्हणजे आरपार दिसणाऱ्या. आपल्या घरात आरपार दिसणारं एवढंच काय ते निघालं.

बाकी छाती, पोट, हाडं सध्या साफ आहेत. जीभ आणि डोकं, दोन्हीकडचं गुरुवारी काढतील, मग औषधं सुरू होतील. लगेच मरत नाही मी, डॉक्टरांनीच सांगितलं. पण वाटाण्याएवढी असताना कळलं असतं तर काठ वाचला असता का, असं विचारलं तेव्हा त्यांनी फायलीतली दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी काढून तिच्यावरची तारीख पाहिली. कुसुमताईंना जितेंद्रने खरं सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, 'किडनीचा जिभेवर? असं कुठं असते काय जी?' खर्रा परवडला असता त्यांना. आणि मामींचं म्हणणं, किडनीचं नुसतं निमित्त, खरा दोष जिभेचाच.

असो. आता कुळीथ. नागपुरात कुळीथ चवीने कोण खातं? खडा निघाल्याशिवाय कोणी किराण्यात मागत नाही. म्हणून तुझा निरोप वाचला आणि मी सोनिकाला बोलावून घेतलं. तिच्यावर रागावू नको, मी तिला बोलतं केलं, तेवढी जीभ अजून आहे. दिवाळीला ती कळमेश्वरला तुझ्याकडे होती. तुझ्या पाठोपाठ संडासात गेली आणि तिने जे पाहिलं ते पाहिलं. तू तिला म्हणालीस, 'बीट खाल्लं.' ताई, सोनिका म्हणते घरात बीट आणलंच नव्हतं. मग तू म्हणालीस, खडा असेल, मयूमावशीला सांगू नको, तिचंच तिला पुरे. मी सोनिकाला एकच विचारलं, आईला दुखतं का? ती म्हणाली, नाही, काहीच दुखत नाही. ताई, खडा दुखतो. भाऊजी अंगणात गडबडा लोळले होते, तूच त्यांच्या कमरेला विटा शेकून लावल्या होत्यास. न दुखणारा खडा आपल्या घरात आजवर एकच झाला, तो मला, आणि तो कुठे खडा होता? तू जगाला फसवायला जो शब्द शोधलास तोच आता स्वतःला सांगून राहिलीस, याचा मला इतका राग येतो की लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं, मागच्या पानावर भोक दिसेल.

भलतं काहीच नसेलही. खरंच खडा निघाला तर मी स्वतः कुळीथ उकळून पाजीन, आणि तुझा खडा त्याच कुंकवाच्या डबीत घालून अख्ख्या कळमेश्वरला दाखवत फिरेन. पण आधी सोनोग्राफी. सोमवारी सोनिका तुला घ्यायला येते आहे, हे पत्र तिच्याच हाती देते आहे, म्हणजे 'मिळालं नाही' म्हणायची सोय नको. तुझी तपासणी झाल्याशिवाय गुरुवारी मी त्या टेबलावर आडवी होणार नाही. धमकी समज. माझी जीभ तुझ्या सोमवारवर अडली आहे. तिथे तुला विचारतील, घरात कोणाला काही झालं होतं का? तू गप्प बसायचं. तेव्हा माझ्या तोंडात आरसा होता आणि शेजारच्या स्टुलावरून तू बोललीस. सोमवारी स्टुलावर मी असेन. मला एकच शब्द बोलायचा आहे. मघाशी तो आरशासमोर म्हणून बघितला. कॅन्सर. 'कॅ'ला थोडं रक्त आलं, पण शब्द अगदी स्पष्ट निघाला.

तुझीच, आणि गुरुवारपर्यंत तरी अख्ख्या जिभेची,
मयू